मरिनर्स प्लेऑफला चाललेत: बेळगावात बसून आशा कशी धरायची

सिएटल मरिनर्स, अमेरिकेतला बेसबॉलचा संघ, यंदा २०२५ ला प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांमध्ये आहेत, आणि काठावर पास होऊन नव्हे. अमेरिकन लीगच्या वेस्ट विभागाचे विजेते म्हणून आलेत, २००१ नंतर पहिल्यांदाच. १६२ सामन्यांत ९० विजय. पहिली फेरी खेळावीच लागणार नाही, थेट दुसरीत उतरायचं. पहिला सामना त्यांच्या शनिवारी संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडं ५ ऑक्टोबरला, रविवारी सकाळी.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं बेसबॉल बघणारी घरं विखुरलेली आहेत. कुणाचा मुलगा तिकडं नोकरीला असतो, कुणाची मुलगी शाळेत सॉफ्टबॉल खेळते. माझ्याकडं दोन्ही आहे. धाकटा भाऊ सिएटलजवळ राहतो आणि मी हायस्कूलला खेळ शिकवते, सॉफ्टबॉलची टीम माझ्याकडंच. सध्या जो भेटतो तो विचारतो, "बाई, जिंकतील काय?" मी सांगते, जिंकतील, आणि का ते ऐकून जा. नुसती धरलेली आशा पहिल्या पराभवाला गळून पडते. कारणं माहीत असली की ती पाचव्या सामन्याच्या नवव्या, म्हणजे शेवटच्या, इनिंगपर्यंत टिकते. म्हणून ही कारणं कुठं शोधायची आणि पहाटे उठून ती कशी सांभाळायची, ते लिहून काढते.

आधी वहीत गणित मांडा

प्लेऑफला बारा संघ असतात, अमेरिकन लीगचे सहा आणि नॅशनल लीगचे सहा. दोन्ही लीगमधल्या पहिल्या दोन विभाग-विजेत्यांना पहिल्या फेरीत विश्रांती. बाकीच्यांनी तीन सामन्यांची वाइल्ड कार्ड फेरी खेळायची. त्यानंतर पाच सामन्यांची डिव्हिजन सीरिज, मग सात सामन्यांची लीग चॅम्पियनशिप, शेवटी सात सामन्यांची वर्ल्ड सीरिज. आपल्याला तीन, चार आणि चार, असे अकरा विजय हवेत. वाइल्ड कार्डवाल्यांना तेरा. प्रत्येक फेरी नाणेफेकीसारखी धरली तर आपली संधी आठात एक, त्यांची सोळात एक. म्हणजे एकही चेंडू न खेळता आपण त्यांच्या दुप्पट पुढं आहोत. ही विश्रांती संघानं सप्टेंबरात अठरापैकी सतरा सामने जिंकून मिळवली. त्यातले तीन ह्यूस्टनला जाऊन, त्यांच्या मैदानावर. चार वर्षं सलग विभाग जिंकणारं ते ह्यूस्टन यंदा प्लेऑफलाच नाही.

मग कुणीतरी म्हणणार, खरं शेवटचे तिन्ही सामने लॉस एंजेलिस डॉजर्सकडून हरलात की. हरलो. विभाग आणि दुसरा क्रमांक तोवर हातात आला होता. ते तीन सामने वहीत लिहूच नका.

आणि ९० विजय कमी आहेत असंही कुणाला म्हणू देऊ नका. २००६ साली सेंट लुईस कार्डिनल्सनी ८३ विजयांवर वर्ल्ड सीरिज जिंकली. २०२२ ला डॉजर्सनी १११ सामने जिंकले आणि डिव्हिजन सीरिजमध्ये सॅन डिएगोकडून बाहेर पडले. आपल्याच मरिनर्सनी २००१ ला ११६ जिंकले, १९०६ च्या शिकागो कब्जच्या विक्रमाची बरोबरी केली, आणि लीग चॅम्पियनशिपमध्ये न्यूयॉर्कच्या यांकीजनी त्यांना पाच सामन्यांत घरी पाठवलं. सहा महिन्यांचा हिशेब ऑक्टोबरात पुन्हा शून्यावरून सुरू होतो. आपल्यासाठी ही चांगलीच गोष्ट आहे.

आशा पिचरांवर धरा

हा भाग नीट वाचा, कारण माझ्या आशेचं सगळं वजन इथं आहे.

एरवीच्या हंगामात जवळजवळ रोज सामना असतो, त्यामुळं प्रत्येक संघाला पाच स्टार्टर पिचर, म्हणजे सामन्याच्या सुरुवातीपासून चेंडू टाकणारे, लागतात. चार-पाच दिवसांच्या विश्रांतीशिवाय स्टार्टर पुन्हा उभा राहू शकत नाही. प्लेऑफला मधे मोकळे दिवस असतात, म्हणून चारांत काम भागतं, कधी तिघांत. ज्या संघाकडं एकच मोठा पिचर आहे तो इथं अडतो. ज्याच्याकडं चार चांगले आहेत त्याला कुठल्याच सकाळी घाबरून उठावं लागत नाही. मरिनर्सकडं जॉर्ज कर्बी, लोगन गिल्बर्ट, लुईस कास्टियो आणि ब्राइस मिलर आहेत. यंदाचा सगळ्यात चांगला ब्रायन वू छातीच्या स्नायूच्या दुखण्यानं बाहेर आहे, आणि ते मलाही लागलंय. तरी उरलेल्या चौघांची यादी बघा. कर्बी चुकीचे चेंडू टाकून बॅटरला फुकटचा बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा टप्पा, क्वचितच देतो. गिल्बर्टचा स्प्लिटर नावाचा चेंडू बॅटरजवळ आल्यावर खाली पडतो. कास्टियोनं २०२२ ला टोरंटोत, समोर भरलेलं परकं मैदान असताना, सात इनिंगच्या वर एक धाव दिली नव्हती. शेवटी गेम बंद करायला आंद्रेस मुनोझ आहे, ताशी शंभर मैलांच्या आसपासचा फास्टबॉल आणि त्याच्या जोडीला वळणारा स्लायडर घेऊन.

आता समोरच्याचं बघा. आपली गाठ डेट्रॉइट किंवा क्लीव्हलँडशी आहे. त्यांचा आपसातला पहिला सामना आपल्या वेळेनं काल रात्री साडेदहाला सुरू झाला. डेट्रॉइटनं २-१ जिंकला. त्यांचा पिचर टारिक स्कुबल यानं चौदा बॅटर स्ट्राइकआऊट केले, म्हणजे चेंडू खेळूच न देता बाद केले. डावखुरा, लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा गेल्या वर्षीचा साय यंग पुरस्कार त्याचाच. त्याला बघून कुणाच्याही पोटात गोळा येईल.

आज १ ऑक्टोबर, खंडेनवमी. शाळेला दसऱ्याची सुट्टी आहे, तरी टीमच्या मुली खेळाच्या खोलीत आल्या होत्या. बॅटा पुसल्या, ग्लोव्हजना तेल लावलं, कॅचरचा मास्क मधे ठेवून सगळ्यावर झेंडूची फुलं वाहिली. नारळ फुटल्यावर नववीतली आमची पिचर म्हणाली, "बाई, ह्यो स्कुबल आला तर आपलं काय खरं नाही." मी फळ्यावर तारखा लिहिल्या. तो ३० सप्टेंबरला खेळला. चार दिवसांची विश्रांती धरली तर पुढचा दिवस ५ ऑक्टोबर, तो तिकडच्या तारखेनं आपला दुसरा सामना. म्हणजे पहिल्याला तो नाही. पुन्हा चार दिवस सोडले की १० ऑक्टोबर, पाचवा सामना. म्हणजे पहिला, तिसरा आणि चौथा त्याच्याशिवाय. सीरिज जिंकायला तीनच लागतात. ती बराच वेळ फळ्याकडं बघत राहिली, आणि मग तिनंच विचारलं, "मग तिसऱ्याला आपलं कोण?" आशा धरायची ती अशी. समोरचा किती मोठा आहे हे मान्य करायचं आणि तो कुठल्या दिवशी नाही ते शोधायचं.

क्लीव्हलँड आलं तर वही नवीन काढायची. जुलैत डेट्रॉइटच्या साडेपंधरा सामने मागं असून त्यांनी विभाग जिंकलाय, त्यामुळं त्यांना हलकं समजू नका. मात्र स्कुबलसारखा एकटा पिचर त्यांच्याकडं नाही.

बॅटिंगमध्ये काय बघायचं

कॅल रॅली. कॅचर, म्हणजे क्रिकेटमधल्या विकेटकीपरच्या जागेवरचा, असून ६० होमरन, म्हणजे सिक्सरसारखे फटके. कॅचरनं एका हंगामात मारलेल्या होमरनचा याआधीचा विक्रम ४८ चा होता. मेजर लीगच्या इतिहासात साठीला पोचलेला तो सातवा माणूस, आणि उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंनी बॅटिंग करणाऱ्यांतही इतके कुणी मारलेले नाहीत. कॅचर असणं म्हणजे काय ते माझ्या मुलींना विचारा. दर चेंडूला उकिडवं बसायचं, उठायचं, अंगावर चेंडू झेलायचे आणि मग बॅट घेऊन उभं राहायचं. त्यातही सिएटलचं मैदान बॅटरला कठीण. समुद्राकडच्या थंड हवेत चेंडू लांब जात नाही. तिथं राहून साठ! जुलैत होमरन डर्बी ही फटक्यांची स्पर्धा जिंकली तेव्हा चेंडू टाकत होते त्याचे वडील आणि मागं कॅचर म्हणून बसला होता धाकटा भाऊ. तो व्हिडिओ मी आईला दाखवला. तेव्हापासून आई मरिनर्सच्या बाजूची आहे.

टीव्हीवर मात्र सगळे रॅलीलाच बघतात. तुम्ही जॉश नेलरला बघा. अंगानं भरलेला, पळायला हळू, तरी यंदा त्यानं ३० बेस चोरलेत, म्हणजे पिचर चेंडू टाकत असतानाच पळून पुढचा बेस गाठलाय. पिचरची मान कधी वळते, खांदा कधी पडतो, एवढंच तो वाचतो आणि योग्य क्षणी निघतो. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू हातातून सुटेपर्यंत बेस सोडता येत नाही, म्हणून आमच्या मुलींना ही चोरी तशीच्या तशी करता येत नाही. खरं पिचरला वाचायचं कसं, हे त्याच्याकडूनच शिका असं मी सांगते. नेलर आणि युहेनियो सुआरेझ दोघंही जुलैच्या शेवटी ॲरिझोनाकडून आले. सुआरेझचे दोन्ही संघांचे मिळून ४९ होमरन. रँडी अरोझारेनानं २०२० ला टॅम्पा बेकडून खेळताना एकाच प्लेऑफमध्ये १० होमरन मारले होते, तो आज आपला आहे. हुलिओ रॉड्रिगेझचे ३२ होमरन आणि ३० चोऱ्या. समोरच्या पिचरनं कुणाला टाळून कुणाला खेळवायचं?

दोन जुने सामने पाठ करा

संघ मागं पडला की डोकं सुन्न होतं. त्या वेळी आठवायला काहीतरी नेमकं हवं. मरिनर्सच्या माणसाला दोन सामने पुरतात.

पहिला १९९५ चा. ऑगस्टच्या सुरुवातीला संघ त्याच विभागातल्या एंजल्सच्या तेरा सामने मागं होता. हंगाम संपताना दोघं बरोबरीत आले, एकच जादा सामना झाला आणि रँडी जॉन्सनच्या पिचिंगवर मरिनर्सनी तो ९-१ नं जिंकला. पुढं यांकीजशी पाच सामन्यांची सीरिज. पहिले दोन हरले, त्यातला दुसरा बरोबरीमुळं पंधरा इनिंगपर्यंत लांबलेला. मग घरी येऊन दोन जिंकले. पाचव्या सामन्यात, ८ ऑक्टोबरला, एकाच दिवसाच्या विश्रांतीवर जॉन्सन नवव्या इनिंगला पुन्हा उभा राहिला. अकराव्या इनिंगला यांकीज एका धावेनं पुढं गेले. त्याच इनिंगच्या खालच्या, म्हणजे मरिनर्सच्या, डावात जोई कोरा तिसऱ्या बेसवर, केन ग्रिफी ज्युनिअर पहिल्यावर. एडगर मार्टिनेझनं डावीकडच्या रेषेवरून चेंडू मारला. कोरा आला, बरोबरी झाली. ग्रिफी पहिल्या बेसवरून निघाला तो दुसरा, तिसरा पार करून थांबलाच नाही आणि घसरत होमला, म्हणजे धाव पुरी होते तिथं, आला. ६-५. सिएटलमधून संघ हलवण्याच्या गोष्टी तेव्हा चालल्या होत्या. त्या शरद ऋतूनं संघ शहरात राहिला आणि नवं मैदान उभं राहिलं. ग्रिफीचं ते पळणं कुठंही सापडेल, रविवारच्या आधी घरातल्या मुलांना दाखवा. पहिल्या बेसवर असतानाच त्याचं लक्ष कुठं आहे ते बघायला सांगा.

दुसरा २०२२ चा, योगायोगानं तोही ८ ऑक्टोबरचा. टोरंटोत ८-१ नं मागं पडून १०-९ नं जिंकला. आठव्या इनिंगला तीन धावा आणून बरोबरी करणारा जे. पी. क्रॉफर्ड आजही आपला शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला खेळाडू, आहे, आणि नवव्याला विजयाची धाव घेऊन आलेला माणूस कॅल रॅली. आत्ताच्या संघातल्या कितीतरी जणांनी ते अंगानं अनुभवलंय, म्हणून हा सामना मला पहिल्याहूनही कामाचा वाटतो. पुढच्याच फेरीत ह्यूस्टनविरुद्ध अठरा इनिंग खेळून ते ०-१ नं हरले, हेही त्यांनीच सोसलंय.

यंदाच्या सीरिजला चौथा सामना लागलाच तर तो तिकडच्या ८ ऑक्टोबरला येतो. मी त्यावर वहीत लाल रेघ मारून ठेवली आहे.

पहाटेची व्यवस्था

सिएटलचं घड्याळ आपल्याहून साडेबारा तास मागं. तिथले संध्याकाळी पाच म्हणजे आपले दुसऱ्या दिवशी पहाटेचे साडेपाच. दुपारचे सामने आपल्याकडं रात्री उशिरा ते मध्यरात्रीनंतर पडतात, संध्याकाळचे पहाटे ते सकाळी. तिकडच्या तारखेला एक मिळवायला विसरू नका. आपल्या कॅलेंडरवर डिव्हिजन सीरिजचे दिवस ५, ६, ८, ९ आणि ११ ऑक्टोबर. पहिला, दुसरा आणि पाचवा सिएटलमध्ये. ६ ला सकाळी सामना आणि रात्री कोजागरी, त्यामुळं त्या दिवशी दुपारी झोप काढून घ्या.

पुढं गेलो, आणि जाणारच, तर लीग चॅम्पियनशिपचा सहावा आणि सातवा सामना संध्याकाळचा ठरल्यास आपल्याकडं २० आणि २१ ऑक्टोबरच्या सकाळी येतो. २० ला नरक चतुर्दशी. अभ्यंगस्नान पहिल्या पिचच्या आधी उरकायचं, म्हणजे उटणं, तेल आणि बंबाची तयारी आदल्या रात्रीच. मुलांना किल्ल्याची माती, मावळे वगैरे आधीच आणून द्या, नाहीतर ऐन सातव्या इनिंगला बुरूज ढासळल्याची तक्रार येते. वर्ल्ड सीरिज आपल्या २५ ला, भाऊबीज होऊन गेलेली असते.

सामना बघायला मेजर लीगचं स्वतःचं ॲप आहे, पैसे भरून. डेटा कमी असेल किंवा लाइट गेली तर त्याच ॲपवर रेडिओचं समालोचन ऐका. मला स्वयंपाकघरात तेच आवडतं. भाकरी थापता थापता ऐकता येतं, आणि चांगला समालोचक असला की चेंडू दिसतो. व्हॉट्सॲप बंद ठेवा. ॲपवरचं चित्र थोडं मागून येतं आणि भाऊ मैदानाजवळ. त्याचा "आत्या, होमरन!!" असा भाच्याच्या हातून आलेला निरोप माझ्या पडद्यावर पिचर अजून हात फिरवत असताना येतो.

सामना चालू असताना

स्कोअरशीट लिहा. घाबरलेल्या माणसाला यासारखा उपाय नाही. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग डावीकडून उजवीकडं बाहेरचे तिघं ७, ८, ९. शॉर्टस्टॉपनं चेंडू उचलून दुसऱ्या बेसला दिला, तिथून पहिल्याला गेला आणि दोघं आऊट झाले, की चौकोनात ६-४-३ लिहायचं. हात चालू राहतो, आणि तीन इनिंगनंतर कागदच बोलायला लागतो: समोरचे बॅटर आपल्या पिचरचा चेंडू नीट मारतायत की नुसता उडवतायत.

स्टार्टर समोरची सगळी बॅटिंग तिसऱ्यांदा बघायला लागला की सावध व्हा. दोनदा बघून बॅटरला अंदाज आलेला असतो. साधारण पाचव्या-सहाव्या इनिंगला हा प्रसंग येतो. मॅनेजर डॅन विल्सन त्या वेळी बुलपेनकडं, म्हणजे बदली पिचर तयार होतात तिकडं, बघतोय की नाही ते बघा. तो स्वतः १९९५ च्या त्या संघाचा कॅचर होता. पिचर केव्हा थकतो हे कॅचरइतकं कुणाला कळत नाही, आणि म्हणून माझा त्याच्यावर विश्वास आहे.

दोन-तीन धावांनी मागं असताना फोन ठेवून कामाला लागू नका. बेसबॉलमध्ये घड्याळ संपून सामना संपत नाही. सत्तावीस आऊट काढावेच लागतात, आणि समोरच्यानं ते काढेपर्यंत आपला सामना जिवंत असतो.

घरातले, शेजारचे

परवा रविवारी आशिया कप जिंकला तेव्हा गल्लीत फटाके वाजले, मीही मुलांबरोबर खाली होते. कालपासून महिलांचा वर्ल्ड कप सुरू झालाय, तोही बघतेच. दुपार-संध्याकाळ आपल्या मुलींची आणि पहाट मरिनर्सची. कुणी विचारलं की क्रिकेट सोडून हे काय, तर वाद घालू नका, शेजारी बसवा आणि नेलर बेस चोरताना दाखवा. आमची आई पहाटे देवपूजा करताना मधेच विचारते, "काय गं, जिंकलीत काय ती पोरं?" मी म्हणते, "अजून खेळलालेत, आई." ती म्हणते, "मग चालू दे, मी फुलं नंतर घालते."

बारा संघांत अकरा हरूनच घरी जातात. मरिनर्स १९७७ पासून खेळतायत आणि तीस संघांत वर्ल्ड सीरिज कधीच न खेळलेला हा एकटाच संघ. लीग चॅम्पियनशिपपर्यंत याआधी तीनदा पोचले, १९९५, २००० आणि २००१ ला. सीमाभागातल्या माणसाला वाट बघणं काय असतं ते समजावून सांगावं लागत नाही. एखादी सकाळ हरलो तर स्कोअरशीट फाडू नका. तारीख घालून ठेवा, पुढच्या सामन्याला कुठला पिचर ताजा राहिलाय ते त्यावरूनच कळतं.

रविवारी सकाळी टीमच्या मुली आमच्या घरी येणार आहेत. मोठ्या पडद्यावर बघायचं असेल तर पालकांनीही यावं, पोहे आणि चहा असेल. येताना प्रत्येकीनं कोरी स्कोअरशीट, पेन्सिल आणि आपला ग्लोव्ह आणायचा. सामना संपला की तसंच व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर जायचं आहे. नेलरची सुरुवातीची दोन पावलं मला सगळ्यांकडून करून घ्यायची आहेत.